अठ्ठेचाळीस मिलिसिव्हर्ट

प्रफुल्ल देवरेनं रेडिएशनचा बॅज घरी आणायला सुरुवात केली ती भाजी आणायच्या कंटाळ्यातून.

प्रफुल्ल नाशकातल्या एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होता. नोकरीला अकरा वर्षं झालेली, सिडकोत छोटंसं रो-हाऊस, मुलगी आरोही पुण्याला शिकायला. घरात तो आणि बायको मनाली, दोघंच. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर एक बॅज लावावा लागतो. काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी, मागं चिमटा आणि आत एक पट्टी. माणसाच्या अंगावर किती रेडिएशन पडलं, त्याची नोंद त्या पट्टीत होत राहते. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज मुंबईच्या प्रयोगशाळेत जातात आणि दोनेक महिन्यांनी रिपोर्ट येतो. ड्यूटी संपली की बॅज खोलीबाहेरच्या रॅकवर टांगायचा आणि मगच घरी जायचं, असा नियम आहे. रॅकवर तशी पाटीसुद्धा होती. (ती प्रफुल्लनंच स्वतःच्या अक्षरात लिहिली होती.)

एके दिवशी तो बॅज चुकून खिशाला तसाच राहिला. घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच मनालीनं पिशवी पुढं केली. "अहो, कोपऱ्यावरून मेथी आणि टोमॅटो घेऊन या, आणि येताना दळण." मग तिची नजर त्याच्या छातीवर गेली. "हे काय लावलंय?"

"रेडिएशनचं आहे," प्रफुल्ल म्हणाला. खरं तर तो एवढंच म्हणाला. पण त्या दिवशी हॉस्पिटलचे तीन मजले दोनदा चढावे लागल्यामुळं (लिफ्ट बंद होती आणि तो डबा विसरला म्हणून पार्किंगमधून परत वर गेला होता) त्याच्या तोंडून एक मोठा सुस्कारा बाहेर पडला. मनालीनं पिशवी स्वतःच्या हातात घेतली. "बसा तुम्ही. मी येते जाऊन."

प्रफुल्ल बसला. त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बॅज चुकून आणला नाही, आठवणीनं आणला.

वर्षभरात त्या डबीनं बरंच काही मिळवून दिलं. सकाळी दोन उकडलेली अंडी सुरू झाली. रविवारी दुपारी दोन ते पाच झोप मंजूर झाली. पंखे पुसणं, सिलिंडर हलवणं, माळ्यावरून डबे काढणं ही कामं त्याच्याकडून सुटली. कुणी विचारलं तर मनाली हलक्या आवाजात सांगे, "त्यांना जमत नाही. रेडिएशनमध्ये असतात ना." बॅज हॉलमधल्या शोकेसमध्ये, आरोहीच्या खो-खोच्या कपाशेजारी ठेवला जाई.

मार्चच्या सुरुवातीला त्याच्या सासूबाई गोजराबाई नामपूरहून आल्या. त्यांना थायरॉइडचा त्रास होता. हात थरथरायचे, छाती धडधडायची, वजन उतरलं होतं. नाशकातल्या डॉक्टरांनी त्यांना किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. ही गोळी गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसते आणि तिथं आतूनच किरणं सोडून तिचा माज उतरवते. गोळी घेतल्यावर आठवडाभर वेगळ्या खोलीत झोपायचं, लहान मुलं आणि गरोदर बाईजवळ जायचं नाही, असं कागदावर लिहून दिलं होतं. नामपूरच्या घरी सून गरोदर होती. म्हणून गोजराबाई लेकीकडं राहायला आल्या. मागची खोली त्यांना दिली.

पण बाई हादरलेल्या होत्या.

"जवाईबापू," जेवणं झाल्यावर त्या दारातूनच म्हणाल्या, कारण दोन मीटर लांब राहायचं हे त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं, "एक खरं सांगा. काही होत नही म्हणता, मंग तो डॉक्टर हातमोजे घालून, चिमट्यानं गोळी देऊन भिताडाला का चिकटला?"

"त्याला रोज दहा पेशंटना गोळी द्यायची असते, मामी. तुम्हाला एकदाच घ्यायची आहे."

"पण हे रेडिएशन म्हंजी नेमकं काय शे?"

या प्रश्नासाठी प्रफुल्ल अकरा वर्षं थांबला होता. पेशंट कधी विचारत नसत, ते फक्त "शर्ट काढू का?" एवढंच विचारत. तो सोफ्यावर मांडी घालून बसला.

"लहरी असतात मामी. विहिरीत दगड टाकला की पाण्यावर उठतात ना, तशा. फक्त या पाण्याच्या नाहीत, विजेच्या आणि चुंबकाच्या. त्यांना हवासुद्धा लागत नाही. तुमच्या रेडिओवर बाजारभाव येतो तो अशाच लहरींवर. मोबाइल चालतो तो याच. ओट्यावरचा मायक्रोवेव्ह, तोही याच. तव्याची धग हाताला लागते, तीही लहरच. हा ट्यूबलाइटचा उजेड, उन्हात कातडी रापते ते जंबुपार किरण, माझे एक्स-रे आणि शेवटी गॅमा. सगळी एकाच घरातली भावंडं. फरक फक्त लांबीचा. रेडिओची लहर या घरापेक्षा लांब असू शकते. मायक्रोवेव्हची वीतभर. उजेडाची इतकी बारीक की सांगता येत नाही. एक्स-रेची त्याहून बारीक. आणि गॅमाची..."

"सगळ्यात बारीक."

"हो."

"आन जितकी बारीक तितकी जहाल?"

"बरोबर," प्रफुल्ल जरा नाराजीनं म्हणाला. हे तो दहा मिनिटांनी सांगणार होता.

"लवंगी मिरचीवाणी."

"तसंच."

"मंग माझ्या गळ्यात कोणती शे?"

"गॅमा आहे. पण काम करतात ते बीटा कण, ते लहरी नसतात, ते गळ्यातच राहतात. गॅमा तेवढी बाहेर पडते. आठ दिवसांनी निम्मी, आणखी आठ दिवसांनी पाव. आपोआप संपतं."

गोजराबाईंनी हळूच गळ्यावर हात ठेवला. बीटा, निम्मी, पाव यातलं काहीही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. गळ्यात लवंगी मिरची आहे एवढं शिरलं होतं. मग त्यांची नजर जावयाच्या छातीकडं गेली.

"आन हे काय?"

"हा?" प्रफुल्लनं बॅजवर टिचकी मारली. "हा रेडिएशन पकडतो."

"पकडतो?"

"एक्स-रे म्हणा, गॅमा म्हणा. याच्यातून काही सुटत नाही."

इथं त्याला 'मोजतो' म्हणता आलं असतं. तोच शब्द बरोबर होता. पण मोजतो म्हटलं की माणूस तलाठी वाटतो आणि पकडतो म्हटलं की फौजदार. प्रफुल्लनं फौजदार निवडला आणि समाधानानं झोपायला गेला.

गोजराबाई आठवडाभर राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण नंतर चांगली टवटवी आली. मागच्या खोलीतून त्या मनालीला कांद्याच्या काढणीबद्दल सूचना देत, नामपूरला फोन करून सुनेला दटावत. जाताना जावयाला दारातूनच म्हणाल्या, "लय गुण आला, जवाईबापू. तुमचे उपकार." प्रफुल्लला वाटलं, आपल्या व्याख्यानामुळं.

मेच्या शेवटी डॉ. सायली निकम यांनी प्रफुल्लला केबिनमध्ये बोलावलं. त्या हॉस्पिटलच्या रेडिओलॉजिस्ट होत्या आणि रेडिएशनच्या सुरक्षिततेची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. समोर मुंबईचं पत्र होतं.

"देवरे, बसा."

बसा म्हटल्यावर प्रफुल्लला कळलं की काहीतरी गडबड आहे. मॅडम कुणाला बसवत नसत.

"जानेवारी ते मार्चचा तुमच्या बॅजचा रिपोर्ट आलाय. अठ्ठेचाळीस पॉइंट दोन."

"अठ्ठेचाळीस काय?"

"मिलिसिव्हर्ट. आपल्या कामाला वर्षाची मर्यादा सरासरी वीस आहे, हे तुम्ही नवीन मुलांना शिकवता ना? तुम्ही तीन महिन्यांत अठ्ठेचाळीस घेतलंय. कसं?"

अकरा वर्षं तो पेशंटना सांगत आला होता, काही होत नाही काका, एका सेकंदाचं काम. आता त्याला त्या सगळ्या काकांचे चेहरे आठवले.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या, "हे पोटाच्या पाचसहा सीटी स्कॅनएवढं आहे. माणूस काही मरत नाही. पण हे कुठून आलं ते शोधलं पाहिजे. ड्यूटी संपल्यावर बॅज कुठं ठेवता?"

"रॅकवर," प्रफुल्ल म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"रोज?"

"रोज."

"तसं लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं, सुवाच्य अक्षरात, खाली तारीख आणि सही. घरी जाताना त्याच्या मनात सासूबाई येऊन गेल्या. पण त्या मागच्या खोलीत होत्या आणि बॅज हॉलमध्ये शोकेसमध्ये. मध्ये भिंत, पंधरा फुटांचं अंतर. मनातल्या मनात त्यानं गणित केलं, तर उत्तर अठ्ठेचाळीसच्या जवळपासही जाईना. आणि गेलं असतं तरी बॅज घरी नेत होतो हे कबूल करावं लागलं असतं. नोकरीवर गदा आली असती. त्यानं सासूबाईंचा विचार दुमडून ठेवून दिला.

त्याच्या त्या सहीनं मग एकेक गोष्ट ओढून आणली.

बॅज खोलीबाहेर गेलाच नसेल, तर रेडिएशन खोलीतच मिळालं. म्हणजे मशीनमध्ये दोष असणार. पुण्याहून तपासणीला माणूस आला. दोन दिवस एक्स-रेची खोली बंद राहिली. हातपाय मोडलेली माणसं रिक्षात घालून दुसरीकडं पाठवावी लागली. एक आजी तर जाताना म्हणाल्या, "इथं मशीनचंच हाड मोडलंय वाटतं." तपासणीत मशीन चोख निघालं. भिंतीतून, दारातून, कुठूनही गळती नाही.

मशीन निर्दोष म्हटल्यावर माणसांकडं नजर वळली. कुणीतरी मुद्दाम बॅज मशीनसमोर टांगला असेल का? आणि रॅकजवळ सगळ्यांत जास्त वावर कुणाचा? देवरामचा. देवराम एकलहऱ्याहून रोज मोटारसायकलवर येणारा जुना अटेंडंट. खोली पुसणं, पेशंटना आत-बाहेर नेणं ही त्याची कामं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्याला दोनदा केबिनमध्ये बोलावलं गेलं.

प्रफुल्लला एक्स-रेतून काढून रिपोर्ट वाटायच्या खिडकीत बसवलं होतं. देवराम खिडकीशी आला.

"भाऊ, मी तुमच्या बॅजला कधी हात लावला का? तुम्हीच सांगा."

"नाही लावला."

"मग मॅडमला सांगा ना तेवढं."

"बघू," प्रफुल्ल म्हणाला आणि कुणाच्या तरी गुडघ्याचा लिफाफा शोधू लागला. देवराम निघून गेला. दुपारी दोघं एकत्र डबा खात. त्या दिवशी देवरामनं डबा जिन्याखाली बसून खाल्ला. प्रफुल्लनं आपला डबा अर्धाच खाऊन बंद केला. त्यानं स्वतःला सांगितलं, रेडिएशनमुळं भूक मेली असेल.

घरी तर वेगळंच चाललं होतं. आकडा ऐकून मनाली आधी ओट्याकडं तोंड करून रडली, मग कामाला लागली. सकाळी खजूर, बदाम, दूध. दुपारच्या डब्यात शिरा. संध्याकाळी बीट. अंडी दोनाची चार झाली. प्रफुल्लनं अकरा वर्षं जे जे मागायचं म्हटलं होतं ते न मागता ताटात पडू लागलं, आणि त्यातलं काही गोड लागेना. कंगव्यात केस दिसले की तो ते मोजू लागे. (टक्कल त्याला लग्नाआधीपासून पडत होतं. लग्नाचा अल्बम काढून त्यानं खात्री करून घेतली, तरी मोजणं थांबलं नाही.)

तिसऱ्या दिवशी त्याचं अंथरूण मागच्या खोलीत गेलं.

"हे कशाला?"

"तुमच्यातून येत असेल ना ते आता."

"अगं, माझ्यातून कसं येईल? माझ्यावर पडलंय. मामींच्या पोटात गोळी होती, ते वेगळं. दिव्याखाली बसलेला माणूस दिवा होतो का?"

मनाली उशी हातात धरून उभी राहिली. "मग एक्स-रेची खोली बंद केली की तिथं काही राहत नाही?"

"काही नाही. बटण बंद, किरण बंद."

"आणि तुम्ही तर बटण दाबताना शिशाच्या भिंतीमागं असता."

"असतोच."

"मग अंडी कशासाठी होती?"

प्रफुल्लला एकदम खोकला आला. मनालीचा प्रश्न खोकल्यात वाहून गेला, पण तिच्या कपाळावरची आठी तशीच राहिली.

नामपूरला फोन गेलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गोजराबाई आल्या. तब्येत सुधारलेली, अंगावर मांस आलेलं, तीन महिन्यांनंतरची तपासणीही याच आठवड्यात होती. पण दारातून आत आल्या त्या एक शब्द न बोलता. नेहमी त्यांचा आवाज आधी घरात येई आणि मागून त्या. आज त्यांनी जावयाला पाहिलं, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"आई, पाणी घे," मनाली म्हणाली.

"नको."

"चहा?"

"नको. माले त्या डॉक्टरीणकडं घेऊन चल."

"तुझी अपॉइंटमेंट शुक्रवारी आहे."

"माझी नही. यांच्या डॉक्टरीणकडं."

प्रफुल्लनं विरोध केला, पण चार अंडी खाणाऱ्या आजारी माणसाच्या विरोधाला वजन नसतं. तिघं रिक्षानं हॉस्पिटलात गेले. केबिनमध्ये डॉ. सायली होत्या, आणि बाजूला देवराम उभा होता. त्याचा लेखी जबाब चालला होता.

गोजराबाई आत शिरल्या आणि थेट हात जोडून उभ्या राहिल्या.

"बाई, काय करायचं ते माले करा. जवाईबापूंना काही करू नका."

"आजी, बसा. काय झालं?"

"मीच केलं. बिल्ला मी घेतला व्हता."

केबिनमधल्या सगळ्यांच्या माना वळल्या. प्रफुल्लची मात्र खाली गेली.

"कुठला बिल्ला?"

"यांच्या छातीवर असतो तो. यांनीच सांगितलं, तो रेडिएशन पकडतो म्हणून. माझ्या गळ्यात लवंगी मिरचीवाणी गॅमा भरलेली. म्हटलं, थोडी पकडून घेईल तर काय बिघडलं? सांजच्याला शोकेसातून काढायची, इथं गळ्यापाशी पदराला लावून निजायची, सकाळी हे उठायच्या आत पुसून परत ठेवायची. पाच राती लावला. इतवारी तं दिवसभरबी व्हता, ह्यांना सुट्टी व्हती आन दुपारी हे झोपेल व्हते." त्यांचा आवाज फुटला. "माझं समदं त्या बिल्ल्यानं ओढून घेतलं, आन ह्यांनी तो तसाच छातीला लावला. माले गुण आला आन ह्यांना लागलं ते. माझ्या लेकीचं कुंकू मी..."

"आई!" मनालीनं तिला धरलं. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

डॉ. सायलींनी थोडा वेळ डोळे मिटून घेतले. नंतर मनालीला थायरॉइडच्या गोळीबद्दल दोन प्रश्न विचारून समोरच्या कागदावर भराभर काहीतरी आकडेमोड केली. गोळी किती ताकदीची, गळ्यापासून बॅज किती लांब, किती तास. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या. "बरोबर जुळतंय. आजी, इकडं बघा. तुमच्या जावयाला काही झालेलं नाही. तो बॅज काही पकडत नाही."

"पण हे तं म्हणले..."

"तो मोजतो. थर्मामीटर ताप मोजतो, ताप ओढून घेतो का? तुमच्या गळ्यातून जे बाहेर पडत होतं ते त्यानं मोजलं. तुम्हाला गुण आला तो गोळीचा. बॅज देवरेंच्या छातीवर परत आला तेव्हा त्यात फक्त आकडा होता. आकड्यानं कुणी मरत नाही."

"नक्की?"

"नक्की."

गोजराबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी सावकाश जावयाकडं पाहिलं. "मोजतो व्हय," त्या म्हणाल्या. प्रफुल्लला फौजदारापासून तलाठ्यापर्यंतचा सगळा रस्ता त्या दोन शब्दांत उतरावा लागला.

"आता देवरे," डॉ. सायली म्हणाल्या, "शोकेस कुठलं? रॅकवर तर शोकेस नाही."

प्रफुल्ल उभा राहिला. काय बोलावं ते ठरलेलं नव्हतं, पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. "मॅडम, वर्षभर मी बॅज घरी नेत होतो. लिहून दिलं ते खोटं होतं." मग तो देवरामकडं वळला. हे जास्त अवघड होतं. "देवराम, तुझ्यावर संशय आला, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी नोकरीला घाबरलो. चुकलो मी."

देवरामनं कपाळावरचा घाम पुसला. "मी दोन दिवस झोपलो नाही, भाऊ," एवढंच म्हणाला. प्रफुल्लला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"घरी का नेत होतात?" मॅडमनी विचारलं. "त्या डबीचा घरी उपयोग काय?"

यावर मनालीच बोलली. "मॅडम, एक विचारू? यांच्या अंगावर रोज किती पडतं हो?"

"रोज?" डॉ. सायलींनी कपाटातून फाइल काढली. "प्रत्येकाचा आयुष्यभराचा रेकॉर्ड असतो आपल्याकडं. हे बघा. अकरा वर्षं, दर तीन महिन्यांचा रिपोर्ट." त्या बोट खाली नेत गेल्या. "शून्य. शून्य. शून्य. शून्य. इथं शून्य पॉइंट शून्य पाच आहे. नाही, तेही नंतर खोडलंय, टायपिंगची चूक होती. शून्य. शून्य." त्यांनी पान उलटलं. "शून्य. फार चांगलं काम आहे त्यांचं. भिंतीमागून एकदाही पुढं आलेले नाहीत."

ही स्तुती होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या कामाची बायकोसमोर स्तुती केली होती, आणि प्रफुल्लला ती मध्येच थांबवावीशी वाटत होती.

"म्हणजे एलआयसीच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाएवढंच?" मनालीनं विचारलं.

"तेवढंच. मातीतून, आकाशातून येतं तेवढं सगळ्यांनाच मिळतं."

मनालीनं मान हलवली. सिडकोत शिरल्यावर तिनं भाजीवाल्यांच्या रांगेपाशी रिक्षा थांबवली, पर्समधून घडी केलेली पिशवी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "मेथी. जुडी नीट बघून घ्या. आणि पंखे रविवारी दोन वाजता." मागच्या सीटवरून गोजराबाई म्हणाल्या, "टमाटे कडक बघा, जवाईबापू. दाबून मोजा."

हॉस्पिटलनं प्रफुल्लला लेखी ताकीद दिली, एक वेतनवाढ सहा महिने पुढं ढकलली आणि सगळ्या नवीन लोकांना बॅजचे नियम शिकवायचं काम कायमचं त्याच्याकडं दिलं. शिकवताना स्वतःचं उदाहरण द्यावं, असंही त्या पत्रात होतं. देवराम आठवडाभर जिन्याखालीच जेवला. आठव्या दिवशी प्रफुल्लनं आपला डबा उचलला आणि जिन्याखाली जाऊन बसला. देवरामनं लोणच्याची फोड त्याच्या डब्यात टाकली.

डॉ. सायलींनी मुंबईच्या प्रयोगशाळेला सविस्तर खुलासा पाठवला. सदर मात्रा कर्मचाऱ्यास मिळालेली नसून, बॅज पाच रात्री व एक दिवस त्याच्या सासूबाईंच्या पदराला लावलेला होता, सबब कर्मचाऱ्याच्या नावावरील नोंद रद्द करावी. हे वाक्य लिहायला त्यांना तीन मसुदे लागले. दोन मसुद्यांत त्यांना हसू आवरलं नव्हतं.

जुलैमध्ये उत्तर आलं. खुलासा मान्य, नोंद रद्द. मात्र खाली एक कलम होतं. 'सदर कालावधीत बॅज परिधान करणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव, वय आणि संस्थेतील हुद्दा विहित नमुन्यात तातडीने कळवावा.'

"नाव आणि वय तर विचारून घ्या," डॉ. सायली म्हणाल्या. "हुद्द्याचं मी काहीतरी लिहिते."

संध्याकाळी प्रफुल्लनं नामपूरला फोन लावला. हातात मेथी निवडायला घेतली होती, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. कलम वाचून दाखवलं. पलीकडं गोजराबाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"वय बासष्ट लिहा," त्या म्हणाल्या. "पण हुद्दा कोणता देऊन राहिले?"

"मामी, तसा काही हुद्दा नाही, नुसता फॉर्म..."

"नही, आधी पक्कं सांगा. तुमच्या हाताखालचा आसंल तर नको. वरचा आसंल तर कांद्याची लागण उरकली की येते."

प्रफुल्ल काही समजावून सांगणार, तेवढ्यात मनाली पोळी लाटता लाटता फोनकडं वळली.

"वरचाच आहे आई," नवऱ्याच्या हातातल्या मेथीकडं बघत ती म्हणाली. "खालचा भरलेला आहे."